पिल्लाचे वय दातांवरून ठरवून घेताना: कुडाळमधील एका दवाखान्याचा सहा महिन्यांचा अनुभव

गेल्या १२ जानेवारीला माझ्या मावसभावाने घाटावरच्या एका विक्रेत्याकडून लॅब्रॅडॉर जातीचे पिल्लू आमच्या घरी आणले. त्याच्यासोबत लसीकरणाचे एक कार्डही होते. कार्डावर जन्मतारीख १३ नोव्हेंबर लिहिलेली होती, म्हणजे त्या दिवशी पिल्लाला बरोबर साठ दिवस पूर्ण होत होते, आणि पंचेचाळिसाव्या दिवशी पहिली लस दिल्याची नोंदही केलेली होती. पिल्लू पडवीत ठेवल्यावर चार पावले चालून बसले, पुन्हा उठले आणि मागच्या पायांवरचा तोल जाऊन एका कुशीवर कलंडले. शेजारच्या काकूंनी त्याला उचलून पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘ह्यां पिल्लू दोन म्हयन्यांचां नाय हां.’’ त्यांच्या घरी गेली तीस वर्षे कुत्री आहेत, त्यामुळे ते बोलणे आम्ही कानाआड केले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही मालवणहून सुमारे तीस किलोमीटरवर असलेल्या कुडाळमधील एका खासगी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. पुढे लिहिलेला अभिप्राय त्याच दवाखान्याविषयी आहे. तिथल्या काही उणिवाही मला सांगायच्या असल्यामुळे त्याचे नाव लिहीत नाही.

दवाखाना दोन खोल्यांचा आहे. बाहेर एक लांब बाक, आत स्टीलचे तपासणीचे टेबल, वजनकाटा आणि लसींसाठी वेगळा फ्रीज. डॉक्टर बाई एकट्याच सगळे पाहतात आणि मदतीला एक मुलगा असतो. मी त्यांना सुरुवातीलाच सांगितले की आम्हाला लस द्यायची घाई नाही, आधी या पिल्लाचे खरे वय काय ते समजून घ्यायचे आहे. त्यांनी कार्ड हातात घेतले, पण उघडले नाही. ते टेबलाच्या कडेला ठेवून त्या म्हणाल्या की आधी पिल्लू पाहू आणि मग कार्ड पाहू. हा क्रम मला फार योग्य वाटला, कारण लिहिलेली तारीख एकदा डोळ्यांसमोर आली की माणूस तिला जुळेल असेच पाहू लागतो.

तोंड तपासण्याची त्यांची पद्धत सविस्तर लिहिण्यासारखी आहे. त्यांनी पिल्लाचा जबडा उघडला नाही. पिल्लाला भावाच्या छातीशी पाठ टेकवून धरायला सांगितले, माझ्या हातात टॉर्च दिला आणि दोन्ही अंगठ्यांनी वरचा ओठ फक्त अर्धा इंच वर केला. समोरचे दात पाहून झाल्यावर ओठाचा कोपरा मागे सारून आधी डावी आणि मग उजवी बाजू पाहिली. प्रत्येक वेळी चार-पाच सेकंदांत ओठ सोडून दिला आणि मध्ये पिल्लाला हात चाटू दिला. समोर पटाशीचे बारीक दात आलेले होते. सुळे पूर्ण दिसत होते आणि पेडव्याच्या काट्यासारखे पातळ, किंचित वळलेले व टोकदार होते. पण सुळ्यांच्या मागची हिरडी जवळजवळ मोकळी होती. टॉर्च तिरका धरल्यावर खालच्या हिरडीत तांदळाच्या कणीएवढी दोन पांढरी टोके नुकती वर आलेली दिसली. डॉक्टरांनी मला त्यावरून बोट फिरवायला लावले. एका जागी टोक बोचले आणि त्याच्या शेजारी हिरडीखाली काहीतरी कठीण असल्याचे जाणवले, पण ते अजून बाहेर आलेले नव्हते.

त्यानंतर त्यांनी जे समजावून सांगितले ते पिल्लू घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवे. पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या तोंडात एकही दात नसतो. दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतात, त्यानंतर काही दिवसांत कानांची वाट मोकळी होते आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ते पायांवर उभे राहू लागते. दुधाचे दातही त्याच सुमारास दिसू लागतात. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात सुळे आणि पटाशीचे दात येतात, त्यांच्या मागोमाग दुधाच्या उपदाढा येतात आणि बहुतेक पिल्लांमध्ये आठव्या आठवड्यापर्यंत दुधाचे अठ्ठावीसही दात तोंडात हजर असतात. दुधाच्या दातांत खऱ्या दाढा नसतातच. त्या पुढे कायमच्या दातांबरोबर येतात. आमच्या पिल्लाच्या उपदाढा जेमतेम हिरडी फोडत होत्या, डोळ्यांत बाळपणाची निळसर झाक होती आणि चाल डळमळीत होती. या सगळ्याचा एकत्र विचार करून त्यांनी सांगितले की पिल्लू पाच ते सहा आठवड्यांचे आहे. वजन २ किलो ३०० ग्रॅम भरले, पण ते त्यांनी वय ठरवण्यासाठी धरले नाही. एका वेतात किती पिल्ले होती, आईला दूध किती होते आणि पोटात जंत किती आहेत यावर वजन अवलंबून असते, म्हणून वजन आपण पुढची वाढ मोजण्यासाठी लिहून ठेवू, असे त्या म्हणाल्या.

दातांवरून वय ओळखणे आपल्याकडे नवे नाही. माझे आजोबा बैल घेताना आधी त्याचे तोंड पाहत. आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती आणि जुळलेला हे शब्द मी त्यांच्याच तोंडून ऐकले. मी हे बोलून दाखवल्यावर डॉक्टरांनी एक फरक लक्षात आणून दिला. बैलाचे पटाशीचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात आणि ते जोडी-जोडीने बदलायला दुसऱ्या वर्षाच्या सुमारास सुरुवात होऊन पुढे दोनेक वर्षे जातात, त्यामुळे त्याचे तोंड बराच काळ उपयोगी माहिती देत राहते. कुत्र्याचा सगळा बदल सातव्या महिन्यापर्यंत आटोपतो. म्हणून कुत्र्याच्या बाबतीत दातांची साक्ष पहिल्या सात महिन्यांतच काढावी लागते, आणि त्या काळात ती आठवड्यांच्या हिशेबाने मिळते.

मग त्यांनी कार्ड उघडले. त्यांनी सांगितलेले पिल्लाचे वय खरे धरले तर जन्म डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातला, आणि कार्डावरची ‘पंचेचाळिसाव्या दिवसाची’ लस २८ डिसेंबरची. म्हणजे ही लस दिली असलीच तर ती तीन-चार आठवड्यांच्या पिल्लाला दिली, आणि त्या वयात तिचा भरवसा धरता येत नाही. शिवाय लसीच्या बाटलीवरचे जे लेबल कार्डावर चिकटवतात, ज्यावर लसीचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत असते, ते तिथे नव्हते. पशुवैद्यकाचा शिक्का किंवा नोंदणी क्रमांकही नव्हता. निळ्या शाईतली एक तारीख आणि त्याखाली एक फरफटलेली सही एवढेच होते. डॉक्टरांनी विक्रेत्याविषयी एकही कठोर शब्द उच्चारला नाही. ही नोंद मी लस म्हणून धरत नाही, असे सांगून त्यांनी नवे कार्ड काढले. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयी २०१७ मध्ये जे नियम झाले, त्यांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू सर्वसामान्य ग्राहकाला विकता येत नाही. साठ दिवस ही तारीख का लिहिली गेली असावी, हे तो नियम कळल्यावर आम्हाला समजले. भावाने विक्रेत्याला फोन केला तेव्हा त्याने कार्ड बरोबरच आहे असे सांगितले आणि त्यानंतर फोन उचलणे बंद केले. पैशांपेक्षा मला याचे अधिक वाईट वाटले की आणखी दोन-तीन आठवडे आईजवळ आणि भावंडांत राहण्याचा त्या जीवाचा हक्क हिरावून घेतला गेला. पिल्ले एकमेकांशी खेळतानाच शिकतात की किती जोराने चावले म्हणजे समोरचा कळवळतो. आमच्या मोतीला (या पिल्लाचे नाव आम्ही मोती ठेवले) ते शिक्षण अर्धवटच मिळाले होते आणि पुढचे दोन महिने आमच्या हातांवर त्याच्या खुणा होत्या.

आता या सेवेतील मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग. डॉक्टरांनी नव्या कार्डावर जन्मतारीख लिहिली नाही. ‘१३ जानेवारी रोजी अंदाजे ५ ते ६ आठवडे, दुधाचे सुळे व पटाशीचे दात पूर्ण, उपदाढा नुकत्या येत आहेत’ असे लिहिले, आणि लसीकरणाचा सगळा हिशेब यातील कमी वय धरून केला. याचे कारण असे की आईच्या पहिल्या चिकातून पिल्लाला जी प्रतिकारशक्ती मिळते तीच सुरुवातीच्या आठवड्यांत लसीला निष्प्रभ करू शकते. ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते, म्हणून पार्वो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या विषाणूजन्य आजारांवरच्या लसीचे डोस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी देत राहतात, आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच द्यावा असे मानतात. कार्डावरची तारीख खरी मानली असती तर सोळा आठवडे ५ मार्चला भरले असते आणि आम्ही त्या दिवशी निर्धास्त होऊन मोतीला किनाऱ्यावर मोकळे सोडले असते. कमी वय धरले तर त्या दिवशी तो जेमतेम सव्वाबारा आठवड्यांचा होता. डॉक्टरांच्या हिशेबाने पहिला डोस २७ जानेवारीला आणि शेवटचा २ एप्रिलला झाला. रेबीजची लसही बारा आठवड्यांचे किमान वय पूर्ण झाल्यावर, मार्चच्या पहिल्या आठवड्यात दिली. वयाच्या चार आठवड्यांच्या चुकीने पिल्लाच्या जिवाला कसा धोका होऊ शकतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट उमगले.

खाण्याविषयीही त्यांचा सल्ला वयाला धरूनच होता. आपल्याकडे पिल्लू आले की त्याच्यापुढे गाईच्या दुधाची वाटी ठेवतात आणि जोडीला पेज देतात. गाईच्या दुधातील साखर अनेक पिल्लांना पचत नाही आणि जुलाब सुरू होतात. पाच आठवड्यांच्या पिल्लाचे अंग त्यात एका दिवसात सुकते. उपदाढा नसलेल्या तोंडाला कोरडे दाणे फोडता येत नाहीत, म्हणून पिल्लांचे खाद्य कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, मऊ करून, दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्यायला त्यांनी सांगितले. जंताचे औषध त्याच दिवशी वजनावर मोजून दिले.

दोन आठवड्यांनी पहिल्या लसीसाठी गेलो तेव्हा त्यांनी न सांगता पुन्हा दात पाहिले. सुळ्यांच्या मागची हिरडी आता भरत आली होती आणि खालच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन उपदाढांची रांग दिसू लागली होती. ‘‘सात-आठ आठवड्यांचे पिल्लू असेच दिसते. आपला अंदाज टिकला,’’ असे म्हणून त्यांनी कार्डावर त्या तारखेची दुसरी नोंद केली. स्वतःच दिलेला अंदाज पुढच्या भेटीत स्वतःहून तपासून पाहणारा डॉक्टर मला याआधी माणसांच्या दवाखान्यातही क्वचितच भेटला आहे.

फेब्रुवारीच्या मध्यावर आमच्याकडे दुसरे पिल्लू आले आणि त्याची कथा नेमकी उलटी निघाली. मालवणच्या बंदरावर मासळीच्या टोपल्यांपाशी एक गावठी मादी पिल्लू काही दिवस घुटमळत होते. कोळंबीच्या ढिगाजवळ सापडली म्हणून मासेविक्रेत्या बायकांनी तिला चिंगूळ म्हणायला सुरुवात केली होती आणि सगळ्यांच्या मते ती दीड-दोन महिन्यांची होती. बरगड्या मोजता येत होत्या, पोट मात्र टम्म फुगलेले होते आणि कानांच्या मागे गोचिडांची रांग होती. वजन ३ किलो २०० ग्रॅम. तिला पाहून मीही दोन महिनेच म्हटले असते. डॉक्टरांनी तिचा ओठ वर केला आणि मला जवळ बोलावले. समोरचे पटाशीचे दात मोतीच्या दातांच्या दुप्पट रुंद होते आणि प्रत्येकाच्या कडेला तीन टोके होती, मधले मोठे आणि बाजूची दोन लहान. ही कायमच्या, न झिजलेल्या दाताची खूण आहे. सुळे अजून दुधाचेच, सुईसारखे होते. अगदी मागे, जिथे दुधाच्या दातांत काहीच नसते त्या जागी, पहिली कायमची दाढ हिरडीतून वर येत होती. कायमचे पटाशीचे दात तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात येतात, दाढा चौथ्या महिन्यापासून येऊ लागतात आणि सुळे साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात बदलतात. त्यामुळे चिंगूळ चार ते पाच महिन्यांची होती. उपासमारीने आणि जंतांनी तिचे हाडपेर खुंटवले होते, पण दात आपल्या वेळेवर आले होते. एकदा हे कळल्यावर बाकीच्या खुणाही दिसू लागल्या. अंगाच्या मानाने पाय लांब होते आणि पाठीवरची बाळलव जाऊन तिथे चकचकीत, राठ केस आले होते.

या निदानाने उपचारांची दिशा बदलली. तिला रेबीजच्या लसीसाठी थांबायचे कारण उरले नाही. ती त्याच भेटीत दिली गेली. हिरड्या फिकट असल्यामुळे गोचिडांपासून होणाऱ्या तापासाठी रक्त तपासायला घेतले. आणि महत्त्वाचे म्हणजे, मादी सहाव्या महिन्यापासून कधीही माजावर येऊ शकते, तेव्हा नसबंदीचा विचार ‘पुढच्या वर्षी’ न करता एप्रिलमध्येच करावा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. आम्ही तिला दोन महिन्यांची समजून बसलो असतो तर पावसाळ्यात तिला पिल्ले झाली असती आणि बंदरावर आणखी पाच-सहा उपाशी जीव फिरताना दिसले असते.

याच संदर्भात एक घटना सांगितली पाहिजे. चिंगूळ दवाखान्यात येण्याच्या आदल्या दिवशी शेजारचा आठ वर्षांचा मुलगा तिच्याशी खेळत होता आणि तिचा सुळा त्याच्या बोटाला लागून रक्ताचा थेंब आला होता. ‘दुधाचे दात आहेत, पिल्लूच आहे’ म्हणून घरात कोणी मनावर घेतले नव्हते. मी हे बोलता बोलता सांगितले तेव्हा डॉक्टरांनी तपासणी थांबवली. मुलाच्या घरी तिथल्या तिथे फोन करायला लावला, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच संध्याकाळी सरकारी रुग्णालयात नेण्यास सांगितले आणि मुलगा तिथे पोहोचल्याचे कळेपर्यंत दोनदा विचारले. लस न झालेल्या, भटक्या कुत्र्याच्या दाताने त्वचा फुटली असेल तर त्या कुत्र्याचे वय किती हा प्रश्नच येत नाही. रेबीज पिल्लांनाही होतो. मुलाचे सगळे डोस वेळेवर पूर्ण झाले. दवाखान्याविषयी माझ्या मनात जो आदर आहे त्यातला बराचसा त्या अर्ध्या तासातला आहे.

मोतीचा पहिला दात मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पडला. त्याला नारळाचे सोडण चघळायची फार आवड होती. एके सकाळी खळ्यात पडलेले सोडण उचलले तर काथ्याच्या धाग्यांत काहीतरी चमकले. दाणा म्हणून फेकणार होतो, पण हातात घेतल्यावर तो खालच्या पटाशीचा दात निघाला, मूळ जवळजवळ विरघळून गेलेला आणि टोकाशी अजूनही बोचणारा. मी तो कागदात बांधून दवाखान्यात नेला. डॉक्टरांच्या अंदाजाने त्या वेळी मोती चौदा-पंधरा आठवड्यांचा होता, आणि दात पडण्याचे हे वय जुळते. मला वाटले की आता कार्ड खोटे असल्याचा पक्का पुरावा मिळाला. त्यांनी मला तिथे अडवले. कार्डाच्या हिशेबाने त्याला अठरा आठवडे झाले असते आणि त्याही वयात पटाशीचे दात पडतात, तेव्हा या दातावरून दोन्हींत निवड करता येत नाही. निवड जानेवारीतल्या मोकळ्या हिरडीने केली आहे, असे त्या म्हणाल्या. दात पिल्लाने गिळले तरी काळजी करू नये आणि हलणारा दात घरी ओढू नये, हेही त्यांनी बजावले. कायमचा दात दिसू लागला असताना त्याच जागचा दुधाचा दात पडत नसेल तर मात्र आठवडाभरात दाखवावा. हे पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत अधिक होते, आणि सुळ्याच्या बाबतीत तसे झाले तर खालचा कायमचा सुळा आतल्या बाजूला सरकून टाळूला टोचू लागतो. मोतीचा खालचा डावा सुळा जूनमध्ये असाच अडून बसला होता, पण आठ दिवसांत पडला.

शेजारच्या काकूंचा मोठा कुत्राही आम्ही एकदा सोबत नेला होता. तो तीन वर्षांपूर्वी आपणहून अंगणात येऊन राहिला आणि त्याचे वय काकूंना जाणून घ्यायचे होते. डॉक्टरांनी त्याचे पटाशीचे दात पाहिले. खालच्या मधल्या दातांची तिन्ही टोके झिजून सपाट झाली होती. त्यावरून त्या एवढेच म्हणाल्या की हा चार वर्षांच्या पुढचा असावा आणि डोळ्यांच्या भिंगात म्हातारपणाची करडी झाक नाही, तेव्हा तो फार वृद्धही नाही. यापेक्षा नेमका आकडा देण्यास त्यांनी नकार दिला. दगड आणि सोडणे चावणाऱ्या कुत्र्याचे दात लवकर झिजतात, दातांवरचा पिवळा थर खाण्यावर अवलंबून असतो, म्हणून मोठ्या कुत्र्याच्या दातांवरून वर्ष सांगणे म्हणजे लोकांची फसवणूक आहे, हे त्यांचे मत आहे. काकूंचा थोडा हिरमोड झाला, पण मला हाच प्रामाणिकपणा हवा होता. तपासणीचे पैसेही त्यांनी त्या दिवशी घेतले नाहीत.

उणिवा सांगायच्या तर सर्वांत गंभीर उणीव बाहेरच्या त्या एकाच बाकाची आहे. लस न झालेली पिल्ले, उलट्या-जुलाबांनी बेजार झालेली कुत्री आणि मांजरांच्या टोपल्या तिथे शेजारी शेजारी असतात. पार्वोचा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने तग धरतो. मदतीचा मुलगा ब्लीचच्या पाण्याने फरशी पुसत असतो हे खरे, पण आजारी जनावरांसाठी वेगळी वेळ ठेवणे अजिबात अवघड नाही आणि मी तसे त्यांना सांगितलेही आहे. तोपर्यंत लहान पिल्लू खाली ठेवू नये. आम्ही ते शेवटपर्यंत टोपलीतच ठेवत होतो आणि नंबर येईपर्यंत बाहेर गाडीत बसत होतो. वेळ आधी ठरवून घेण्याची सोय नाही, संध्याकाळी पाच ते आठ एवढाच वेळ असतो आणि सोमवारी दीड तास थांबावे लागते. एक्स-रेचे यंत्र नाही, त्यामुळे सात महिन्यांनंतर हाडांच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या पाहून वयाचा अंदाज घ्यायचा झाला तर दुसरीकडे जावे लागते. लेप्टोस्पायरोसिसची लस तिथे नेहमी शिल्लक नसते, ही गोष्ट सिंधुदुर्गात खटकते. आपल्याकडे पावसाळ्यात शेतातल्या आणि गटारातल्या पाण्यातून हा आजार जनावरांना आणि माणसांनाही होतो. तिचे दोन डोस दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने द्यावे लागतात. आम्ही एप्रिलमध्येच नाव नोंदवून ठेवले म्हणून दोन्ही पिल्लांचे डोस जूनच्या आधी झाले. ज्यांना हा अनुभव घ्यायचा असेल त्यांनी आधी फोन करून लस आहे का हे विचारावे. तपासणीचे शुल्क आम्ही गेलो तेव्हा तीनशे रुपये होते, लसीचे वेगळे, आणि प्रत्येक वेळी पावती मिळाली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात धो धो पावसात मोतीला शेवटच्या दंततपासणीसाठी नेले. डॉक्टरांनी या वेळी पहिल्यांदाच त्याचे तोंड पूर्ण उघडले, कारण मागच्या दाढा पाहायच्या होत्या, आणि मला मोजायला लावले. वरच्या जबड्यात वीस, खालच्या जबड्यात बावीस, असे बेचाळीस दात भरले. वजन २२ किलो झाले होते. भावाला नोंदणीच्या अर्जात जन्मतारीख भरायची होती आणि आता सगळे जुळून आले आहे तर एखादी तारीख लिहून द्या, अशी त्याने विनंती केली. डॉक्टरांनी जानेवारीपासूनच्या चारही नोंदी एकदा वाचल्या आणि त्यांच्या पत्रावर लिहिले: ‘जन्म डिसेंबरचा पहिला आठवडा, अंदाजे, दातांवरून.’ तारखेची जागा त्यांनी रिकामी ठेवली.